खिडकीतून उतरवलेला खाणवाला

आमच्या बाहुल्यांच्या खोक्यात हल्ली एक छापील चिठ्ठी घालतात. घरात जितके मुलगे तितके खाणवाले आणि जितक्या मुली तितक्या पऱ्या नाताळात खिडकीत उभ्या करायच्या, ही आमच्या डोंगरातली जुनी, गोड प्रथा आहे, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. गोड. हा शब्द ज्याने लिहिला त्याने आमच्या गावात एक हिवाळासुद्धा काढलेला नाही, हे मी पैजेवर सांगते.

आम्ही हे लाकूडकाम हौसेने धरलं नाही. जमिनीतलं कथील संपलं आणि खाणी ओस पडल्या. वर राहिलं फक्त जंगल. मग माझ्या खापरपणज्यांनी लाकूड हातात घेतलं. आधी चमचे आणि वाडगे केले, मग शहरातल्या पोरांसाठी घोडे, गायी, प्राण्यांनी भरलेली नोहाची नाव. घरातली सगळी माणसं एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती. आजोबा कातायचे, आजी डिंक लावायची, चार वर्षांचं पोर मेंढीचे डोळे रंगवायचं आणि पेंगलं की चापट खायचं. खाणीत जाणारा माणूस हिवाळ्यात अंधारात घर सोडायचा आणि अंधारातच परतायचा, म्हणून त्याच्यासाठी खिडकीत दिवा. खाणी गेल्या, दिवा राहिला. लाकडाचा खाणवाला दोन्ही हातांत मेणबत्त्या धरून उभा, शेजारी तशीच मेणबत्त्या धरलेली परी. रस्त्याने जाणारा माणूस खिडकी बघून सांगायचा, या घरात दोन मुलगे, एक मुलगी. दारावरच्या पाटीपेक्षा आमचा खिडकीवर भरवसा जास्त.

आमच्या खिडकीत एक खाणवाला आणि एक परी. खाणवाला माझ्या भावाचा, एवाल्डचा, परी माझी. मी इर्मा, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी.

आमचे बाबा कडी कातणारे होते. हे काम जगात आमच्याच डोंगरात चालतं. स्प्रूसच्या झाडाचा ओला ओंडका लेथवर चढवायचा, त्याचं कडं कातायचं, आणि त्या कड्याला आतून बाहेरून असे खाचखळगे पाडायचे की मग केकसारख्या फाकी पाडल्या की प्रत्येक फाकीत एक आख्खा घोडा उभा. कातताना घोडा दिसत नाही. नुसतं गरगर फिरणारं ओलं लाकूड दिसतं. घोड्याचं पोट कुठे आणि कान कुठे, हे हाताला कळलं पाहिजे. एवाल्डला बाराव्या वर्षी कळलं. मलाही कळलं असतं, पण मला कुणी लेथजवळ उभं केलं नाही. बाबा म्हणायचे, "इर्मे, तू रंगव. बाईच्या अंगावर ओला भुसा उडाला की छाती धरते." त्यांची स्वतःची छाती त्याच भुशाने धरली आणि सत्तेचाळीस साली ते गेले. जायच्या आधी दोन वर्षं त्यांनी मलाच शिकवलं, कारण एवाल्ड नव्हता. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात पूर्वेच्या आघाडीवरून त्याचं शेवटचं पत्र आलं होतं. त्यानंतर काहीच नाही. मेल्याचा कागदही नाही.

माझ्या नवऱ्याचा मात्र कागद आला होता. दोन ओळींचा. मी चार दिवस रडले आणि पाचव्या दिवशी रंगाला बसले. मुलगी होती, रेनाटे, तिला खायला लागायचं.

आई रडली नाही. आई वाट बघत राहिली. दर वर्षी नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी ती खाणवाला काढायची, त्याच्या टोपीवरची धूळ तोंडाने फुंकायची आणि खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. त्या वर्षांत मेणबत्त्या मिळत नव्हत्या. ज्या दोन मिळायच्या त्या दोन्ही खाणवाल्याच्या हातात. माझी परी शेजारी रिकाम्या हातांनी उभी.

"आई, एक तिला दे की," मी एकदा म्हटलं होतं.

"तू घरातच आहेस," आई म्हणाली. "तुला कशाला वाट दाखवायची?"

ती हे वाईट मनाने म्हणाली नव्हती. त्यामुळेच जास्त लागलं.

मी लेथ चालवायची. माझ्या घोड्यांवर घर चालायचं. आई फाकी पाडून घोडे मोजायला बसली की एखादा उचलून उजेडात धरायची आणि म्हणायची, "चांगला आहे ग. एवाल्डचा जरा मानेत जास्त भरायचा." पाच वर्षं मी हे ऐकलं. स्वतःच्या ताटातला बटाटा ती अर्धा करायची आणि अर्धा झाकून ठेवायची, तो आला तर म्हणून. तो अर्धा बटाटा सकाळी शेळीला जायचा. रेनाटे त्या बटाट्याकडे बघत राहायची आणि आईला ते दिसायचं नाही.

एकोणपन्नास साली पहिल्या रविवारी आईने पेटी उघडली आणि माझं डोकं फिरलं. त्या आठवड्यात तीन दिवस रेनाटेच्या अंगात ताप होता. आईने तिला विचारलंही नव्हतं, पण मेणबत्त्यांसाठी स्वतः बर्फातून पुढच्या गावापर्यंत पायी जाऊन आली होती.

"ठेव तो पेटीत," मी म्हणाले.

"काय?"

"खाणवाला. परत पेटीत ठेव. आणि एकदा तोंडाने म्हण की एवाल्ड मेला."

"तसा कागद आलेला नाही."

"लाखो लोकांचे कागद आलेले नाहीत, आई. कागद लिहायलाही कुणी जिवंत लागतं."

"इर्मा, पोरीसमोर नको."

"पोरीसमोरच. सहा वर्षांची आहे ती. तू तिच्याकडे एकदा तरी नीट बघितलंस का? हा खिडकीत उभा राहणार असेल तर मी तिला घेऊन ओल्बर्नहाउला जाते. तिथल्या कारखान्यात जागा आहे. तू बस इथे याच्याबरोबर, अर्धा बटाटा झाकून."

 खाणवाला तोपर्यंत तिने खिडकीत ठेवला होता. मी हात बांधून उभी होते. मीच उचलून पेटीत ठेवला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मला ते पुरेसं नव्हतं. मी म्हणाले, "तुझ्या हाताने उतरव."

तिने उतरवला. जुन्या फडक्यात गुंडाळला, पेटीत ठेवला, झाकण लावलं. मग त्या दोन मेणबत्त्या माझ्याकडे न बघता माझ्या परीच्या हातात खोचल्या.

पुढे मी लोकांना सांगत आले की मी हे आईच्या भल्यासाठी केलं, रेनाटेसाठी केलं. ते अर्धंच खरं आहे. संध्याकाळी मी मुद्दाम रस्त्यावर गेले आणि बाहेरून खिडकीकडे बघितलं. माझी परी एकटी उभी होती, दोन्ही हात पेटलेले. माझं वय तेव्हा एकतीस होतं, आणि मला लहान पोरीसारखा आनंद झाला.

नाताळ गेला. त्या वर्षी आईने नाताळच्या रीतीचं नऊ पदार्थांचं जेवण केलं, नऊ होत नव्हते तरी मीठ आणि पाव धरून नऊ मोजले. बटाटा झाकला नाही. रेनाटेच्या केसांची वेणी घातली. मी मनात म्हटलं, बघ, झालं की नाही ठीक.

फेब्रुवारीत एका दुपारी दार वाजलं. आई शेजारच्या मिन्ना मावशीकडे दूध काढायला गेली होती. शेळी आमची, पण गोठा मावशीचा. मी अंगावरचा भुसा झटकून दार उघडलं. बाहेर, दार वाजवून पुन्हा पायऱ्यांखाली गेलेला एक माणूस उभा होता, कैद्यांना देतात तसला कापूस भरलेला डगला, गालांची हाडं वर आलेली. त्याने पायरीकडे बघितलंही नाही आणि दुसरी पायरी ओलांडून थेट तिसरीवर पाय ठेवला. आमची दुसरी पायरी हलते. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं.

"एवाल्ड आहे का घरात?" तो म्हणाला. "त्याला सांगा, व्हेन्झेल आलाय. म्हणावं, मेला नाही अजून."

मी दार धरून उभी राहिले. "कोण एवाल्ड?" असं काहीतरी मूर्खासारखं मी विचारलं.

तो हसला. "तुम्ही इर्मा. रंगवणाऱ्या. त्याने सांगितलं होतं, बहीण दारातच उलटतपासणी घेईल."

मी त्याला आत घेतलं. स्वयंपाकघरात बसवलं, जवाची कॉफी दिली.  तो सिलेशियाचा, त्याचं गाव आता पोलंडात, त्यामुळे त्याला घर नव्हतं. उरालच्या युद्धकैद्यांच्या छावणीत तो आणि एवाल्ड चार वर्षं एका फळीवर झोपले. नोव्हेंबरमध्ये दोघांना एकाच गाडीत घालून सोडलं. एवाल्ड म्हणाला होता, माझ्याकडे चल, आई तुझ्यासाठी पोटमाळ्यावर गादी टाकेल.

"ओल्बर्नहाउच्या स्टेशनवर मला ताप चढला. शुद्धच गेली," व्हेन्झेल म्हणाला. "मला दवाखान्यात टाकलं. त्याला मीच म्हटलं, तू हो पुढे, मी येतो. दोन महिने लागले. कुठाय तो? कामावर?"

"तो आलेला नाही," मी म्हणाले.

"आला असणार. स्टेशनपासून दोन-तीन तासांची वाट, त्याला डोळे मिटून येते. नाताळाआधीचा दुसरा रविवार होता. म्हणाला, मी बरोबर दिवे लागायच्या वेळी पोचतो."

 माझ्या चेहऱ्याकडे बघून मान वळवून त्याने खिडकीकडे बघितलं. फेब्रुवारीत तिथे काही नसतं, सगळं पेटीत गेलेलं असतं. पण त्याने बरोबर डावीकडच्या कोपऱ्याकडेच बघितलं.

"खिडकीत तो होता ना?" त्याने हळूच विचारलं. "तो बाहुला?"

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"बाई, होता ना?"

"का विचारता?"

व्हेन्झेलने कप खाली ठेवला. "त्याचा उजवा हात गेला होता. कोपरापासून. लाकडाच्या गाडीखाली आला. तेव्हापासून तो म्हणायचा, कातारी उजव्या हाताशिवाय म्हणजे घरात नुसतं खायला तोंड. घरी जायचंच नाही म्हणायचा. मी त्याला शिव्या घातल्या. आख्ख्या गाडीभर भांडलो आम्ही. शेवटी म्हणाला, खिडकी सांगेल. माझा खाणवाला उभा असेल तर आत जाईन. नसेल तर त्यांचं रडून झालंय. पुन्हा रडवायला कशाला जाऊ, आणि तेही असा हात घेऊन? मी म्हटलं, गाढवा, असेल का नाही याची तुला खात्री नाही? तर हसायला लागला. म्हणाला, खात्री आहे म्हणून तर पैज लावतोय. माझी आई तो उतरवणार नाही. जग उतरवेल, ती नाही."

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी दिव्यांच्या वेळी मी घरातच होते. रेनाटेला शिकवत होते, घोड्याच्या डोळ्याला एकच ठिपका द्यायचा, दोन दिले की तो भित्रा दिसतो. बाहेर माझा भाऊ उभा होता. आणि सोमवारी मिन्ना मावशी मला म्हणाली होती, "काल एक थोटा तुमच्या खिडकीकडे टक लावून होता ग. हौदापाशी उभा होता किती वेळ. भिकारी असेल बिचारा. मी पाव घेऊन बाहेर येईपर्यंत गेलासुद्धा." मी हसले होते. म्हटलं होतं, "मावशी, तुझा पाव बघून कुणीही पळेल."

हे सगळं मी त्याला सांगितलं. खिडकीचंही. सरळ सांगितलं, कुणाच्या हाताने काय उतरवलं ते. त्याने मान खाली घातली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आई आता येईल," मी म्हणाले. "तिला सांगू नका. वाट चुकून आलो म्हणा. खायला मागा, मी देते, आणि जा. उतरवायचं काम मी तिच्याकडून करून घेतलं. तो दारापर्यंत येऊन गेला हे कळलं तर ती माझं नाही, स्वतःचं वाईट करून घेईल."

"आणि तो? त्याला शोधायला नको?"

"मी शोधीन. शप्पथ. पण तिला नको."

त्याने कपातली उरलेली कॉफी संपवली. मग म्हणाला, "ठीक." भला माणूस. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती हे त्याच्या कानांवरून दिसत होतं, लाल झाले होते.

आई आली. हातात दुधाची किटली, डोक्यावर रुमाल, पायांना बर्फ. तिने त्याचा डगला बघितला आणि तिथेच थांबली.

"कुठल्या छावणीतून?"

"लांबच्या, आजी."

"माझा एक मुलगा आहे. एवाल्ड. उंच, पुढचा दात थोडा तुटलेला."

"नाही, आजी. आम्ही खूप होतो."

"हो. खूप होतात." तिने किटली ठेवली. "बसा. सूप आहे."

"नको. उशीर होतोय मला."

तो उठला. दाराशी गेला, दार आपल्याकडे ओढलं, आणि न बघता दाराआड हात घालून तिथल्या खिळ्यावरची टोपी काढली. आमच्या दाराआड तो खिळा आहे. बाबांनी चुकीच्या जागी मारलेला, दार उघडं असताना दिसत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा टोपी हातात धरून खुंटी शोधतो आणि आम्ही त्याला हसतो. व्हेन्झेलने आत येतानाच ती तिथे अडकवली होती आणि मला दिसलं नव्हतं. मी त्याचं तोंड बघत होते.

आई बघत होती ती त्याचा हात.

"तो खिळा तुम्हाला कुणी सांगितला?" ती म्हणाली.

तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"चार वर्षं," तो शेवटी म्हणाला, "तो रोज झोपताना आम्हाला घरी न्यायचा, आजी. दुसरी पायरी सोडायची. टोपी दाराआड. मग डावीकडे शेगडी. आम्ही अकरा जण होतो त्या फळ्यांवर. सगळ्यांना तुमचं घर पाठ होतं."

आई खाली बसली. आणि त्याने सगळं सांगितलं. हात, गाडी, स्टेशन, पैज. मी मध्ये बोलायला गेले, "आई, मी तुला उतरवायला लावलं, तू नाही," तर तिने हात वर केला, गप्प बस म्हणून, तेवढाच. खिडकीचा भाग आला तेव्हा तिने एकदाही खिडकीकडे बघितलं नाही. हातावर हात ठेवून ऐकत राहिली, पाद्र्याचं ऐकतात तशी.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही आशा धरून बसणार नाही. मी शोधलं. रेड क्रॉसला लिहिलं, स्टेशनांवर विचारलं, पश्चिमेला गेलेल्या दोन गावकऱ्यांना लिहिलं. ओल्बर्नहाउच्या तिकीटवाल्याला एक थोटा आठवत होता, पण तो गाडीत चढला की नाही ते नाही. वितळलेल्या बर्फाखालीही कुणी सापडलं नाही. व्हेन्झेल आमच्याकडेच राहिला. पोटमाळ्यावर गादी घातली, आईनेच. तो माझ्याहून बरे ओंडके निवडायचा. आई अजून अकरा वर्षं जगली आणि एकदाही मला बोलली नाही त्यावरून. खाणवाला त्यानंतर दर वर्षी लागला. पण तो लावायचं काम माझं झालं, तिने त्याला हात लावला नाही.

त्या दुपारी व्हेन्झेलचं बोलणं संपलं. बाहेर मिन्ना मावशी गोठ्याचं दार ओढून घेत होती, तेवढा आवाज. मग आईने मला विचारलं, "मिन्नाने त्याला बघितलं?"

"हो."

"त्या दिवशी बर्फ पडत होता."

"हो."

"विचारून ये तिला. त्याच्या डोक्यावर टोपी होती का."

मी रुमालही न घेता गेले. मावशी शेळीला सुका पाला टाकत होती. मी तिला काय काय सांगितलं ते आठवत नाही. पण ती पाला हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"टोपी होती का त्याला, मावशी?"

"होती," ती म्हणाली. "हातात होती, पोरी. एकच तर हात. काढून छातीशी धरली होती, कबरीपाशी धरतात तशी. केस पांढरे झाले होते बर्फाने. म्हणून तर मला वाटलं, भीक मागतोय."

मी परत आले. आमचं अंगण वीस पावलांचं आहे. त्या वीस पावलांत मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं जुळवलं.

आई दाराकडे तोंड करून बसली होती.

"होती," मी म्हणाले. "लोकरीची. कानांवर ओढून घेतलेली. मावशी म्हणते, चांगला गुंडाळलेला होता."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

"बरं," ती म्हणाली. आणि किटली उचलून दूध गाळायला लागली.